चार्जिंगला लावलेली कोंबडी

मावशीच्या घरात वस्तू विसरता यायची, पण विसरलेल्या वस्तूपासून सुटका नव्हती. मी तिच्याकडे भाड्याने राहायला आलो आणि पहिल्याच दिवाळीला गावी गेलो, तेव्हा खोलीत खिळ्याला एक बनियन राहिला. भोकं पडलेला, खरं तर टाकलेलाच. परत आलो तर मावशी बनियन घेऊन दारात उभी. धुतलेला, घडी घातलेला आणि भोकं शिवलेली.

"ही तुजी ठेव. सांबाल," म्हणाली. "माजे घरान कोनाचा काय जात नाय."

"मावशी, टाकलाय तो."

"टाकायचा त कचऱ्यान टाकायचा. खिल्याला टांगलास म्हंजे ठेवलास."

या कायद्यापुढे अपील नव्हतं. पुढे दोन वर्षं मी तो बनियन वापरला, कारण तिच्या डोळ्यांदेखत तो कचऱ्यात टाकायची माझी छाती नव्हती.

तिचं गाव नवीन पनवेलच्या सेक्टरांच्या मधोमध अडकलेलं होतं. चारी बाजूंना सात-सात मजले, आणि मध्ये वीस-पंचवीस कौलारू घरं, एक देऊळ आणि एक विहीर. मिठागरं कधीच गेली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. राहतं घर, त्यामागे भाड्याच्या पाच खोल्या आणि कोंबड्या एवढा तिचा संसार. मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका दुकानी बिलं करायचो आणि पाचव्या, म्हणजे खुराड्याला लागून असलेल्या खोलीत राहायचो. पहाटे कोंबडा माझ्या उशीशी आरवायचा. तक्रार केली तर मावशी म्हणायची, "त्याचे खोलीला तू लागून हायस, तो नाय."

कोंबड्यांना दाणे टाकताना ती "ये बा बा बा बा" अशी हाळी द्यायची. नळाला पाणी आलं की नेमक्या त्याच हाळीने आम्हा भाडेकरूंना बोलवायची. आम्ही बादल्या घेऊन धावायचो आणि आमच्याबरोबर कोंबड्याही धावायच्या. आमच्यात आणि त्यांच्यात ती फारसा फरक करत नसे. संध्याकाळी दिवा लावला की दोन्हींची मोजदाद व्हायची. "चौथे खोलीवाला नाय आला अजून" म्हणून ओट्यावर बसून राहायची, आणि तो बिचारा सेकंड शिफ्ट करून आला की त्याला आधी शिव्या आणि मग सुकटीचं कालवण मिळायचं.

तिच्या माजघरात एक हिरवं लोखंडी कपाट होतं. त्यात निघून गेलेल्या भाडेकरूंच्या ठेवी. एक हेल्मेट. एकाच पायाची चप्पल. कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम. आणि एक कवळी. दर वर्षी गणपतीच्या आधी हे सगळं जुन्या लुगड्यावर मांडून ती त्याला ऊन दाखवायची. कवळी हातात घेऊन हळहळायची, "कसा खात असंल बिचारा!" मी म्हटलं, त्याने नवी केली असेल. "नवी केली म्हून जुनी टाकतात क?" मावशीशी वाद घालून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

अशाच एका उन्हाच्या दिवशी तिने मला हाक मारली. "ह्यो डबा बग जरा. मदीच कुईकुई करतंय. आत कोन हाय?"

डबा म्हणजे हातात मावणारा, पुस्तकासारखा उघडणारा व्हिडिओ गेम होता. माझ्या आधी याच पाचव्या खोलीत तळोज्याच्या कारखान्यातला एक पोरगा राहायचा. त्याला कावीळ झाली होती तेव्हा मावशीनेच पथ्यपाणी केलं होतं. एक दिवस गावाकडून बाप आजारी असल्याचा फोन आला. "आठवड्यात येतो मावशी" म्हणून तो गेला तो गेलाच. गेम खिळ्याला टांगलेला राहिला, पिशवीतल्या चार्जरसकट. बॅटरी मरायला आली की तो कुईकुई करायचा. मावशीला ती भूक वाटायची, आणि चार्जर लावला की गप्प बसायचा, म्हणजे भूकच ती.

मी उघडून पाहिलं. जंगलातली अद्भुत जनावरं पकडायची, पाळायची आणि एकमेकांशी झुंजवायची, असा तो खेळ. त्या पोराने पाच पकडून ठेवली होती. एक शेपटीला जाळ असलेलं, एक पंखवालं, एक नुसतंच गोल. मी मावशीला दाखवलं. ती बघत राहिली, आणि मग एकदम कळवळून म्हणाली, "दुसऱ्याची जनावरा रं ही! येवढे दिस उपाशी!"

झालं. त्या दिवसापासून संध्याकाळच्या मोजदादीत आणखी पाच जीव वाढले. बटणं कशी दाबायची ते तिने माझ्याकडून शिकून घेतलं. त्यांना पोतडीतली फळं चारायची, गवतावरून फिरवून आणायची. झुंज मात्र बंद. "दुसऱ्याची जनावरा झुंजवायची नसतात. पाय मोडला त त्याला काय सांगू?" गवतातून एखादं जंगली जनावर आडवं आलं की मावशी आधी तोंडाने "हुड् हुड्, जा तुजे घरा" म्हणायची आणि मग पळ काढायचं बटण दाबायची. तो खेळ ज्याने बनवला त्याला स्वप्नातही वाटलं नसेल की कोणी एकही लढाई न करता तो इतके दिवस खेळेल.

पाचांच्या शेजारी सहाव्या जागेवर एक अंडं होतं. ठिपक्यांचं, काहीसं निळसर. खाली इंग्रजीत लिहिलेलं मी वाचून सांगितलं, "हे अंडं कुठून आलं आणि यातून काय निघेल, हे कोणालाच माहीत नाही. फुटायला अजून अवकाश दिसतो."

"कवापासून हाय ह्या?"

"तो गेला तेव्हापासून असणार."

मावशीचा चेहरा उतरला. "दीड वरीस? नासला असंल रं!"

नंतर जे झालं त्यात माझी चूक एवढीच, की मी कामावर निघून गेलो. संध्याकाळी येतो तर ओट्यावर पाण्याने भरलेलं घमेलं, आणि मावशी डबा घेऊन त्यावर वाकलेली. चांगलं अंडं पाण्यात बुडतं आणि नासकं तरंगतं, हे तिला पक्कं ठाऊक. मी पायातले बूट न काढता उडी मारली आणि डबा वरच्या वर झेलला. बूट घालून ओट्यावर चढलो म्हणून शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. मग तिने तो डबा बल्बसमोर धरून आरपार काही दिसतं का तेही पाहिलं.

मी तिला बसवून नीट समजावलं, की हे अंडं फुटायला पडद्यावर गवतातून फिरणाऱ्या त्या चिमुकल्या पोराला ते घेऊन चालावं लागतं. खूप चाललं की फुटतं.

तिने माझ्याकडे जी नजर टाकली ती मी विसरणार नाही. "शिकलास न तू? अंडा घेवन फिरनारी कोंबरी बगलीस क कंदी?"

मी बूट काढायला बसलो.

तिची तांबडी कोंबडी तेव्हा खुडूक झाली होती. मावशीने टोपलीत भाताचा तूस पसरला, त्यावर तो डबा ठेवला आणि वर तांबडीला बसवली. तांबडीने थोडी कुरकुर केली आणि बसली. डबा मध्येच कुईकुई करू नये म्हणून भिंतीतल्या प्लगपासून कोंबडीच्या पोटाखाली वायर गेली. टोपलीला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. हलवलं तर अंडं बिघडतं.

त्याच आठवड्यात बिल्डरचा एजंट आला. पांढरे बूट, गळ्यात साखळी, हातात दोन मोबाईल. सगळ्या गावाचं मिळून टॉवरचं ठरलं होतं. तिच्या पुतण्यांनी सह्या दिल्या होत्या, मावशीची राहिली होती. तो माजघरात डोकावला, वायरीवरून नजर फिरवत टोपलीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"मावशी, कोंबडी चार्जिंगला लावलीय?"

"अंडा उबवतंय. पाय पुसून ये."

तो बाहेर आला आणि बरोबर आलेल्या एका पुतण्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "यांची सही चालेल ना? म्हणजे उद्या कोर्टात कोणी..." पुतण्या ओशाळून हसला. मावशीने सही केली. का केली, ते मी एकदा विचारलं. म्हणाली, "सगल्यांची घरा जानार, माजा येकटीचा मदी राहून कोनाला हाक मारू?" दसरा-दिवाळीच्या सुमाराला घर पाडायचं ठरलं.

तीन आठवडे बसून तांबडी उठली. डब्यातून काहीच निघालं नाही. त्या संध्याकाळी मावशी जेवली नाही. मी ताट घेऊन गेलो तर ओट्यावर बसलेली. "आजवर माजे हातान कोनाची ठेव नासली नाय," म्हणाली. "घर जाईल त जाऊंदे. पन ह्या नासला त मी त्याला काय तोंड दावू?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या वेळी मला हसू आलं नाही.

"मावशी, एकदा माझं ऐक. चालवून बघू."

"चल," म्हणाली आणि उठली. उठली ती थेट चप्पल घालून रस्त्याला लागली. मी मागे धावत ओरडलो, "तू नाही गं, त्या पोराने चालायचंय!" ती म्हणाली, "त्यो येकटा चालंल आनि मी बसू? बरा दिसतं क?"

मग रोज सकाळी मावशी कमरेला पदर खोचून, डबा दोन्ही हातांत धरून, अंगठ्याने बटण दाबत पळस्प्याच्या फाट्यापर्यंत जायची आणि परत यायची. रिक्षावाले तिला पाहून रिक्षा हळू करायचे. आठ-दहा दिवस झाले, अंडं हललं नाही. एका रविवारी मी बरोबर गेलो आणि पडद्यावर डोकावलो, तर तो पोरगा एका घराच्या भिंतीकडे तोंड करून जागच्या जागी पाय आपटत होता. इतके दिवस मावशी पळस्प्याला जात होती आणि तो भिंतीला धडका देत होता.

"अरे देवा! डोका फुटला असंल त्याचा! मना सांगायचा नाय क?"

मी त्याला मोकळ्या रस्त्यावर आणून दिलं आणि वळायचं कसं ते शिकवलं. दसऱ्याच्या दोन दिवस आधी, सुकटीच्या बाजारातून येताना, अंडं फुटलं. मावशी भर रस्त्यात ओरडली. मी कामावर होतो, पण ती रिक्षा करून थेट कळंबोलीला आमच्या दुकानी आली. आयुष्यात ती रिक्षात क्वचितच बसली असेल. पडद्यावर एक निळं, वाटोळं पिल्लू उभं होतं, डोक्यावर शेंडीसारखा कोंब. खाली प्रश्न होता, याचं नाव ठेवायचं का? हो किंवा नाही.

"कोंबरीचा नाय," मावशी जरा खट्टू होऊन म्हणाली. मग बारकाईने पाहून, "पन नाकी डोली बरा हाय. काय लिवलाय?"

मी सांगितलं आणि म्हटलं, "'नाही' दाबतो, म्हणजे खेळ पुढे जाईल आणि आपल्याला साठवून ठेवता येईल."

तिने डबा माझ्या हातून ओढून घेतला. "बिननावाचा ठेवतस? तूच राह बिननावाचा. ज्याचा पिल्लू त्यो नाव ठेवील."

आता खरी पंचाईत झाली. हो किंवा नाही दाबल्याशिवाय खेळ साठवता येत नव्हता, आणि साठवण्याआधी बॅटरी मेली तर पिल्लू गेलं, अंडंच परत. म्हणजे मालक येईपर्यंत तो डबा सतत जिवंत ठेवायचा. आणि ते दिवस भारनियमनाचे. रोज काही तास वीज गायब. मावशीने माझ्या जेवणाच्या पिशवीत तो डबा ठेवायला सुरुवात केली. मी भाकरी, कालवण आणि एक नवजात पिल्लू घेऊन दुकानी जायचो, चार्ज करायचो आणि परत आणायचो. शेठने एकदा विचारलं हे काय. मी म्हटलं, घरमालकिणीची ठेव आहे. त्याने पुढे विचारलं नाही.

तळोज्याच्या कारखान्यात जाऊन मी त्या पोराचा नंबर मिळवला. तो आता चाकणला होता, चांगल्या नोकरीवर. फोनवर आधी त्याला कोण मावशी तेच आठवेना, मग आठवलं, मग खूप हसला. "पुढच्या रविवारी येतो," म्हणाला. तो रविवार गेला. पुढचाही गेला. मावशी दर रविवारी नवं लुगडं नेसून बसायची. मला त्या पोराचा असा संताप यायचा की समोर असता तर कानाखाली काढली असती.

दिवाळी झाली आणि गाव पाडायला माणसं आली. आधी वीज तोडली, मीटर काढून नेला. मी कामावर गेलो होतो. संध्याकाळी शोधत शोधत आलो तर मावशी बिल्डरच्या कोपऱ्यावरच्या ऑफिसात. एसी, काचेचा दरवाजा, काचेच्या पेटीत टॉवरचं छोटं मॉडेल आणि त्याभोवती प्लॅस्टिकची झाडं. ऑफिसला जनरेटर होता. मॉडेलचे दिवे ज्या प्लगवर होते तिथे मावशीने डबा लावला होता, टॉवर अंधारात होता, आणि ती सोफ्यावर मांडी घालून परातीत जवळा निवडत बसली होती. एसीमुळे तो वास बाहेर जायला तयार नव्हता. फ्लॅट बघायला आलेलं एक जोडपं दार उघडून तसंच मागे वळलं.

"मावशी, हे ऑफिस आहे," पांढऱ्या बुटांचा एजंट हात जोडून म्हणाला.

"माजी लायट तुमीच तोरलीत न? पिल्लू मेला त तुजे डोक्यावर."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी बोंबील घेऊन आली. चौथ्या दिवशी एजंटने माझ्याकडून चाकणचा नंबर मागून घेतला आणि स्वतः फोन लावला. तो काय बोलला ठाऊक नाही, पण रविवारी सकाळी बिल्डरची गाडी चाकणला गेली आणि दुपारी त्या पोराला घेऊन ऑफिसपाशी आली. माझ्याच्याने इतक्या दिवसांत जे झालं नाही ते बोंबलांनी केलं.

पोरगा उतरला. पोट सुटलेलं, कडक इस्त्रीचा शर्ट. मावशीने त्याला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "कावील गेली क पुरी?" तो पाया पडला. मग तिने पदराने पुसून डबा त्याच्या हातात दिला.

"मावशी, मी हे विसरूनच गेलो होतो हो."

"तू विसरलास म्हून त मी ध्यानान ठेवला."

त्याने पडदा पाहिला, हसला आणि सवयीने त्याचा अंगठा "नाही" कडे गेला. मावशीने त्याचं मनगट धरलं. "बारसा केल्याबगर न्यायचा नाय."

ती तयारीनेच आली होती. पिशवीतून घुगऱ्यांचं पातेलं निघालं. सुपात तांदूळ निघाले, आणि त्यावर तिने डबा निजवला. आत्या हवी होती. तिथे बाई दुसरी कोणीच नव्हती. "तू हो," ती मला म्हणाली. त्या एसी ऑफिसात, टॉवरच्या मॉडेलशेजारी, मी पस्तिशीला आलेला पुरुष आत्या झालो. एजंटने घुगऱ्या वाटल्या. फ्लॅट बघायला आलेल्या एका काकांनीही घेतल्या आणि बुकिंगबरोबर असतात का असं विचारलं.

"नाव सांग," मावशी पोराला म्हणाली.

तो गोंधळला. डोकं खाजवलं. मग एकदम म्हणाला, "मावशी, तुमचं नाव काय?"

मी दोन वर्षं तिच्या हातचं जेवलो होतो, आणि मला ते माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. एजंटला माहीत होतं, करारावर होतं ना. तो सांगायला तोंड उघडणार, तोच मावशीने त्याला हाताने थांबवलं. "त्या शेंडीवाल्याला माजा नाव?" ती लाजली. खरंच लाजली, पदर तोंडाशी नेला. मग हळूच सांगितलं. बऱ्याच वर्षांत ते कोणी उच्चारलं नसावं, कारण तिने स्वतःच ते जरा चाचरत उच्चारलं.

मी सुपावर वाकून ते नाव डब्यापाशी सांगितलं. कान नेमका कुठे ते न कळल्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगितलं. पाठीत बुक्के बसले. त्यातला मावशीचा चांगलाच लागला. पोराने नाव लिहिलं, खेळ साठवला आणि डबा बंद केला.

"झुंजीला काडू नको त्याला," मावशी म्हणाली. तो म्हणाला, नाही काढणार. डबा त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता, आणि माझा राग तिथेच संपला.

टॉवर उभा राहीपर्यंत मावशी पुतण्याकडे राहिली आणि मग सहाव्या मजल्यावर गेली. मीही तोवर खोली बदलून पनवेलात राहत होतो. भेटायला गेलो तर हॉलमध्ये टीव्हीशेजारी ते हिरवं कपाट. पुतण्यांनी आदळआपट केली तरी तिने ते आणलंच होतं. कोंबड्या मात्र आणता आल्या नव्हत्या. कपाट उघडून तिने मला हेल्मेट दाखवलं, कवळी दाखवली. डबा जिथे असायचा तो कप्पा रिकामा होता. त्यावरून तिने उगाच हात फिरवला. "रिकामा बरा दिसत नाय," म्हणाली. खाली रस्त्यावर इतकी माणसं जातात, पण सहाव्या मजल्यावरून हाक मारली तर कोणाला ऐकू जात नाही, असंही म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

निघताना मी तिच्या दारामागच्या खिळ्याला माझी छत्री टांगली. चांगली होती, नवी घेतलेली. ती आत चहाची भांडी घासत होती. मी लिफ्टमध्ये शिरलो आणि खाली येऊन ऊन असतानाही जरा भराभरच चालू लागलो, न जाणो तिने मागून हाक मारली तर.

दर वर्षी गणपतीच्या आधी तिचा फोन येतो. पुतण्याची मुलगी लावून देते. "तुजे छत्रीला ऊन दावलाय," मावशी म्हणते. "काडी येक वाकली होती, सरल केली. कवा येतस न्यायला?"

"पुढच्या रविवारी," मी म्हणतो. आणि जातो. जेवतो, गप्पा मारतो आणि छत्री तिथेच टांगून परत येतो.